मांडीवरची सुई

आचल डेकाटे टेबलाखाली शिरून बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती.

"ये बाळा," वॉर्डातल्या मावशी वाकून म्हणत होत्या. "डॉक्टर येतील आता."

"येऊ दे," आतून आवाज आला.

सहा वर्षांची पोरगी. तिला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त पुरेसं तयार होत नाही, म्हणून दर महिन्याला आईबरोबर एस.टी.नं आमच्या रुग्णालयात यायची, दिवसभर रक्त चढवून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं गावी परत जायची. एकदा रक्त सुरू झालं की ती वॉर्डाची राणी असायची. शेजारच्या खाटांवरच्या मुलांना गोष्टी सांगायची, राउंडला येणाऱ्या डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल करायची. त्रास सगळा त्याच्या आधीचा, सुई लागेपर्यंतचा.

शेवटी दोन मावशींनी तिला पाय धरून बाहेर काढलं. टेबलावर आडवी केली, चादरीत घट्ट गुंडाळली, एक हात तेवढा बाहेर ठेवला. एकीनं खांदे दाबले, दुसरीनं गुडघे. वॉर्डाच्या इन्चार्ज साळवे सिस्टर मनगटापाशी शीर चाचपू लागल्या आणि आचलनं जो सूर लावला तो खाली औषधांच्या खिडकीपर्यंत गेला असणार.

दाराबाहेर तिची आई, रंजना, भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन्ही कानांत बोटं घातलेली. आईनं आत यायचं नाही, असा वॉर्डाचा नियम होता.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, यवतमाळकडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातली. मी काही वर्षं नर्सची नोकरी करून एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला होता आणि प्रबंधासाठी विषय शोधत त्या मुलांच्या वॉर्डात हिंडत होते. आमच्या वर्गात बहुतेक जणी प्रश्नावल्या करत होत्या. लसीकरणाविषयी मातांचं ज्ञान, आहाराविषयी मातांचं ज्ञान. शंभर आयांना वीस प्रश्न विचारायचे आणि शेवटी लिहायचं की मातांचं ज्ञान अपुरं आहे. मीही तसंच काहीतरी करणार होते.

त्या दिवशी सुई लागल्यावर मी साळवे सिस्टरांच्या मागेमागे ड्यूटीरूममध्ये गेले.

"सिस्टर, आईला आत का घेत नाही आपण?"

"आई आत आली की एकाच्या जागी दोघी रडतात."

"आणि आईच्या मांडीवर बसवून सुई लावली तर?"

साळवे सिस्टर हात धूत होत्या. मूळच्या नगरच्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या, पांढऱ्या साडीला कधी चुणी पडू न देणाऱ्या. मुलांच्या शिरा शोधण्यात त्यांचा हात धरणारं त्या रुग्णालयात कुणी नव्हतं. मोठे डॉक्टरसुद्धा अडले की त्यांना बोलवायचे. त्यांनी हात पुसले आणि डाव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला. नखाच्या बुडाशी एक पांढरा वण होता.

"एका पोरानं झटका दिला आणि त्याच्या हातातली सुई माझ्या अंगठ्यात आली. त्याच्या आईला रक्तातून पसरणारी कावीळ होती, म्हणजे त्यालाही असू शकली असती. पुढचे सहा महिने मी रक्त तपासत होते आणि घरी लेकरांना जवळ घेताना घाबरत होते. काही झालं नाही, देवाची कृपा. पण तेव्हापासून पोर हललेलं मला चालत नाही. तुला काय वाटतं, मला त्यांना दाबून धरायला आवडतं?"

त्यांचं चूक होतं असंही म्हणता येईना, आणि रंजनाच्या कानातली बोटंही डोळ्यांपुढून जाईनात.

माझ्या मार्गदर्शक लोहकरे मॅडम. त्यांना मी सगळं सांगितलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ऐकून घेतलं.

"मांडीवर मुलं कमी घाबरतील असं तुला वाटतं."

"हो."

"साळवे सिस्टरांना वाटतं की मूल हलेल, शीर चुकेल, कुणालातरी इजा होईल."

"हो."

"म्हणजे दोघींनाही वाटतंय. वाटण्यावर वॉर्ड बदलत नाही, हेमलता. मोजून बघ. निम्मी मुलं मांडीवर, निम्मी टेबलावर. कोण कुठे, ते तू ठरवायचं नाही, चिठ्ठीनं ठरायचं. नाहीतर तू नकळत शांत मुलं मांडीवर नेऊन बसवशील." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि उत्तर साळवे सिस्टरांच्या बाजूनं आलं तर तसं लिहिशील?"

"लिहीन."

"मग कर."

मुलांच्या विभागाचे प्रमुख डॉ. बोधनकर भला माणूस, पण कायम घाईत. जिना उतरता उतरता त्यांनी माझं म्हणणं ऐकलं आणि म्हणाले, "साळवे सिस्टर हो म्हणाल्या तर माझी काही हरकत नाही. त्या नाही म्हणाल्या तर मीही काही करू शकत नाही."

म्हणजे सगळं फिरून त्याच दाराशी आलं. मी चार दिवस धीर गोळा केला आणि एका दुपारी, जेवणाची वेळ टळल्यावर, सिस्टरांपुढे जाऊन बसले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "दोन अटी. सुई मीच लावणार, मांडीवरही आणि टेबलावरही. शिकाऊ पोरीच्या हातून चुकलेली शीर मांडीच्या नावावर जायला नको, आणि टेबलाच्याही नको. दुसरं, शीर किती वेळा चुकली, मूल किती हललं, सगळं लिहायचं. तुझ्या सोयीचं तेवढंच नाही."

लोहकरे मॅडमनी ज्यावर जोर दिला होता, तेच साळवे सिस्टर स्वतःहून मागत होत्या.

रीतसर परवानग्या मिळाल्या आणि काम सुरू झालं. बिस्किटांच्या एका डब्यात मॅडमनी बंद चिठ्ठ्या भरून दिल्या. मूल आलं, आईवडिलांनी सगळं समजून घेऊन होकार दिला की चिठ्ठी काढायची. एका मुलाची नोंद एकदाच. माझी एक वर्गमैत्रीण कोपऱ्यात उभी राहून मुलाच्या चेहऱ्यावरून त्याची भीती ठरवायची. तिच्याकडे हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत चित्रं असलेला एक तक्ता होता.

पहिले काही दिवस फजितीचे गेले. मूल आईकडे तोंड करून, तिच्या कमरेला पाय घालून बसवायचं, आईनं दोन्ही हातांनी मिठीत घ्यायचं आणि मुलाचा एक हात आईच्या काखेखालून मागे सिस्टरांकडे यायचा, अशी आमची रीत. कागदावर छान होती. प्रत्यक्षात आया अवघडायच्या, कुणाचा पदर मध्ये यायचा, कुणी ऐन वेळी हात सैल सोडायची. साळवे सिस्टरांना इतकं वाकावं लागायचं की संध्याकाळी त्या कंबर धरून बसायच्या. मग त्यांनीच रुग्णालयाच्या सुताराकडून आयांसाठी एक बुटकं स्टूल करून घेतलं; आई त्यावर बसली की मागे खुर्चीवर बसलेल्या सिस्टरांच्या गुडघ्यावर मुलाचा हात नीट टेकायचा. आयांशी आधी दोन मिनिटं बोलायला लागल्या. "घट्ट धर, पण दाबू नको. त्याच्याशी बोलत राहा. माझ्याकडे बघू नको, त्याच्याकडे बघ." एकदा एका मुलाला घेऊन त्याचे वडील आले होते, दांडगे ट्रकड्रायव्हर. मुलाला मिठीत घेऊन ते आगगाडीचा आवाज काढत बसले. सुई लागली तरी त्यांची गाडी थांबेना.

सिस्टरांना काय वाटतंय हे मला कळायचं नाही. मी विचारायचंही नाही असं ठरवलं होतं.

आणि मग आचलचा महिना भरला.

रंजनाला दुसऱ्या आयांकडून सगळं कळलेलं होतं. ती आली तीच उजळलेल्या चेहऱ्यानं. आचल टेबलाखाली शिरली नव्हती, आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. चिठ्ठीवर ठरणार हे मी रंजनाला समजावलं, तिनं मान हलवली, सही केली. मला खात्री आहे की तिनं ऐकलं फक्त 'मांडी' एवढंच. खरं सांगायचं तर माझंही तसंच झालं होतं. डब्यात हात घालताना मी देवाचं नाव घेतलं. संशोधन करणाऱ्या माणसानं घेऊ नये, पण घेतलं.

चिठ्ठीत टेबल होतं.

मी ती उघडलेली चिठ्ठी हातात धरून ड्यूटीरूममध्ये उभी राहिले. साळवे सिस्टर ट्रे लावत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी ओळखलं.

"टेबल?"

"हो."

त्यांनी कापसाचा बोळा ठेवला, पुन्हा उचलला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिचं नाव काढून टाक अभ्यासातून. मग तुझी चिठ्ठी तिला लागू नाही. वॉर्ड माझा आहे, मी तिला आईच्या मांडीवर बसवून सुई लावते. कुणी विचारणार नाही."

मी चमकले. मुलांना टेबलावर धरण्यासाठी माझ्याशी भांडलेली बाई हे बोलत होती. त्यांचा कौल मला तिथंच मिळाला होता आणि त्या क्षणी तो मला नकोसा झाला होता.

"तिच्या आईला विचारते," मी म्हणाले.

रंजना व्हरांड्यात बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि जे होतं ते सांगितलं. चिठ्ठीत टेबल आलंय. पण तुमचा होकार तुम्ही कधीही मागे घेऊ शकता, तो तुमचा हक्क आहे. नाव काढलं तर सिस्टर तिला तुमच्या मांडीवर बसवून सुई लावायला तयार आहेत.

तिचा चेहरा उतरला.

"नाव काढलं तर तुमचं काय बिघडते, ताई?"

"एका मुलीनं फार बिघडत नाही."

"खरं सांगा."

मी म्हणाले, "आचल सगळ्यांत जास्त घाबरणारी आहे. अशी घाबरणारी मुलं टेबलावरून मी एकेक करून काढत गेले, तर टेबलावर शांत मुलंच उरतील. मग शेवटी हिशेब असाच दिसेल की टेबलात काही वाईट नाही. डॉक्टर म्हणतील, चाललंय तसं चालू द्या."

रंजना दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायची. तिला हे लगेच कळलं.

"म्हणजे गाडीत वरतं वरतं चांगला कापूस लावून दाखवल्यावानी झालं थे."

"तसंच."

"आन् नाही काढलं, तर मंग मांडीवरचं खरं हाय, हे ठरन?"

"ठरेलच असं नाही. पण जे असेल ते खरं कळेल."

"ठरलं तर सगळ्याच लेकराईले मांडीवर?"

"मी तसा प्रयत्न करीन. माझ्या एकटीच्या हातात नाही."

तिनं पदरानं नाक पुसलं. "आचलले दर महिन्याले यायचं हाय. जलमभर यायचं हाय. आज एक दिवस टेबलावर झाली तर झाली." ती उठली. "मी सांगतो तिले."

आचल खिडकीच्या गजांत तोंड घालून बाहेर बघत होती. रंजना तिच्यापुढे उकिडवी बसली.

"आचल, आज टेबलावर बसा लागते."

पोरीचा ओठ लगेच थरथरायला लागला. "काहून? मघा थ्या पोट्ट्याले तं त्याच्या बाबानं धरलं."

"सिस्टर मोजून राह्यल्या. टेबलावर लेकराईले किती भेव लागते, थे लिहून राह्यल्या. तुह्यं नाही लिहिलं तर त्याईले कसं समजन?"

आचल विचारात पडली. तिनं माझ्याकडे बघितलं. "माह्यं रडणं लिहिता काय?"

"हो," मी म्हणाले. "ती ताई उभी असते ना कोपऱ्यात, ती लिहिते."

"मंग मी लय जोरात रडतो."

आता या पोरीला काय सांगायचं? मी तिच्यासमोर खाली बसले. "आचल, मुद्दाम नाही रडायचं. जेवढं येईल तेवढंच. खोटं रडलीस तर आमचं मोजणं चुकेल."

"थोडंसं जास्त?"

"थोडंसंही नाही."

तिला हे पटलं नाही, पण तिनं मान हलवली. आईचा पदर सोडला आणि स्वतःच्या पायांनी आत गेली. त्या खोलीत चालत जाताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मावशींनी उचलून टेबलावर ठेवलं, चादर गुंडाळली, आणि चादर अंगाला लागताच तिचा सगळा धीर सुटला. जे रडू आलं त्यात खोटं काहीच नव्हतं. पहिली शीर निसटली. दुसऱ्या हातावर सापडली.

मी बाहेर रंजनाजवळ उभी राहिले. तिनं त्या दिवशी कानांत बोटं घातली नाहीत. दाराकडे तोंड करून सगळं ऐकलं.

साळवे सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्या रंजनाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून पुढे गेल्या. कोपऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीनं तक्त्यातल्या सगळ्यांत शेवटच्या चेहऱ्यावर खूण केली होती.

पावसाळा संपता संपता काम पुरं झालं. आकडेमोड करायला मला लोहकरे मॅडमच्या घरी जावं लागे, कारण विभागातला संगणक बंद पडायचा. मॅडम पोहे करायच्या आणि मी आकडे वाचून दाखवायची. निकाल आला त्या दिवशी आम्ही दोघींनी तो पुन्हा तपासला, कारण मला भीती वाटत होती की मला हवं तेच मी वाचतेय. मांडीवरची मुलं कितीतरी कमी घाबरली होती. शिरा मांडीवर जास्त चुकतील असं वाटलं होतं, तसं झालं नव्हतं. उलट थोड्या कमीच चुकल्या होत्या. धरणाऱ्या-लावणाऱ्या कुणालाही चुकून सुई टोचली नव्हती. मात्र मांडीवर वेळ जास्त लागत होता, आयांना समजावण्यात जात होता. मला वाटलं होतं की वेळही वाचेल. त्यात मी चुकले, आणि तेही लिहिलं.

डॉ. बोधनकरांच्या खोलीत बैठक झाली. ते, साळवे सिस्टर, लोहकरे मॅडम आणि मी. या वेळी ते बसून ऐकत होते. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी पानं उलटली, वेळेच्या आकड्यावर पेन टेकवलं.

"सकाळी गर्दी असते. हा जास्तीचा वेळ कुठून आणायचा?" मग सिस्टरांकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं, सिस्टर?"

सिस्टरांनी हाताची घडी घातलेली होती.

"मला वाटायचं ते मी आधी सांगितलंच होतं, सर. ते बरोबर नव्हतं. आता मोजलंय." मग त्यांनी विचारलं, "टेबलापाशी मुलाला धरायला दोन मावशी लागतात. मांडीवर एकही लागत नाही. त्या दोघी बाहेर आयांना आधीच समजावून ठेवतील. मी शिकवते त्यांना. चालेल?"

डॉक्टर हसले. "चालेल."

इतकं सरळ होईल असं मला वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर लोहकरे मॅडम म्हणाल्या, "अशा बैठकीत पुरावा लागतो, आणि तो मानणारं माणूसही लागतं. तुला दोन्ही मिळालं." पुढे मी अनेक अभ्यास केले, आजही विद्यार्थिनींकडून करून घेते. काही अडगळीत गेले, काहींची उत्तरं माझ्या मनाविरुद्ध आली. पण नर्सनं स्वतः प्रश्न विचारावा, स्वतः मोजावं आणि त्यावरून खाटेवरच्या माणसाचा दिवस बदलावा, हे होऊ शकतं यावरचा माझा विश्वास त्या वॉर्डातला आहे. आणि त्यात एका कापूस वेचणाऱ्या बाईनं आपल्या पोरीचा एक वाईट दिवस दिला होता, हे मी प्रबंधात लिहू शकले नाही. तिथं तिचं नाव घालता येत नव्हतं. म्हणून इथे सांगितलं.

नवा नियम लागू झाल्यावर आचल आली ती हिवाळ्यातल्या एका सकाळी, कानटोपी घालून. रंजनाला बुटक्या स्टुलावर बसवलं. आचल तिच्या कमरेला पाय घालून बसली, तोंड आईच्या मानेत खुपसलं. एक हात मागे साळवे सिस्टरांच्या गुडघ्यावर. रंजना तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक घरच्या शेळीबद्दल, कारण मध्येच आचलनं विचारलं, "दोन पिल्लं?"

"दोन. एक कायं, एक पांढरं."

"पांढरं माह्यं."

सिस्टरांनी मनगटाजवळ बोट फिरवलं. आचलचं अंग ताठ झालं, एक हुंदका आला, आईच्या मानेत जिरला. चिकटपट्टी लागली, नळी जोडली गेली. रंजना अजून डोळे मिटून, पोरीला घट्ट धरून बोलतच होती.

"झालं, बाई," सिस्टर म्हणाल्या. "सैल सोडा आता."

रंजनानं डोळे उघडले. "केव्हा?"

"मघाशीच."

तिनं पोरीच्या हाताकडे बघितलं, नळीकडे बघितलं, नळीतून खाली उतरणाऱ्या लाल रक्ताकडे बघितलं. मग पोरीला सोडायच्याऐवजी पुन्हा जवळ घेतलं आणि तशीच बसून राहिली. बाहेर पुढचं मूल आलं होतं, मावशी त्याच्या आईला समजावत होत्या. एक जण आत डोकावून म्हणाली, "सिस्टर, ह्यांना खाटेवर पाठवू का? स्टूल पाहिजे."

साळवे सिस्टरांनी रंजनाकडे एकदा बघितलं.

"बसू दे तिला," त्या म्हणाल्या. "सुताराकडून दुसरं करून आणा."